खदानीची वकिली

आमच्या भागात कुठे खदान वाढवायची असली, खडी फोडायचा क्रशर बसवायचा असला आणि गाव वळवायचं असलं, की मला न्यायला गाडी यायची. म्हातारी बाई, चौथी शिकलेली, डोक्यावरून पदर, आणि तोंड असं की माईक नसला तरी चालतं. क्रशरवाल्यांना मी सोयीची होते. हे मला तेव्हाही कळत होतं. मला कोणी फसवलं नाही. मला पटलं म्हणून मी बोलले, आणि उद्या विचारलं तरी बाजूनेच बोलेन.

म्हातारपणी मला उपरती झाली आणि आता मी डोंगर वाचवा म्हणत फिरते, असं ज्याला वाचायचं आहे त्याने दुसरं काही वाचावं. मला वाईट वाटतं ते एका बाईपायी. तिचं मला एक उत्तर यायचं होतं. ते आलं नाही.

आमचं गाव पाचोऱ्याच्या अलीकडे. गावाच्या कडेला नाला आणि नाल्यापलीकडे दुसरं गाव. आमच्या अंगाला बरडी होती. बरडी म्हणजे गवतसुद्धा धड उगवत नाही अशी टेकडी. शेळ्या वर जायच्या आणि उपाशीच खाली यायच्या. माझा थोरला सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता, धाकटा धुळ्याला देवपुरात एका दुकानात माल काढून द्यायला. घरात मी आणि मालक, एकमेकांची तोंडं बघत. गावातल्या निम्म्या घरांत हीच गत. मग जळगावच्या एका शेठने बरडीच्या मागच्या अंगाला छोटी खदान काढली. काळा पाषाण, खाली जाल तसा चांगला. थोरला परत आला, डंपर चालवायला लागला. सून आली. चार महिन्यांत सून मला उलटून बोलायला लागली, तेव्हा मला वाटलं, चला, घर भरलं.

म्हणून मी खदानीच्या बाजूची. माझं कारण एवढंच होतं आणि ते मी कोणापासून लपवलं नाही.

शेठ आधी गावोगाव फाइली घेतलेली शिकलेली पोरं पाठवायचा. ती पोरं विकास, रोजगार, महसूल असं बोलायची आणि बायका पदराआड जांभया द्यायच्या. एकदा मी मध्येच उठले आणि म्हटलं, "अगं बायांनो, घराचा कोबा कशाने करता? पोरीला बाळंतपणाला न्यायचं तर गाडी ज्या रस्त्याने जाते तिथे काय पसरलंय, केळीची पानं? दगड पाहिजे तर कोणाची तरी बरडी फुटणार. दुसऱ्याची फुटून आपल्याला खडी विकत घ्यावी लागण्यापेक्षा आपली फुटू दे, आपल्या पोरांना काम मिळू दे." बायका हसल्या. त्यानंतर शेठने पोरं पाठवणं बंद केलं आणि मला न्यायला लागला.

"अक्का," तो म्हणायचा, "तुमचं तोंड म्हणजे सुरुंगातलं जिलेटिन आहे. कुठे लावायचं तेवढं आम्हाला कळलं पाहिजे."

"लावा कुठेही," मी म्हणायचे, "फक्त जवळ उभे राहू नका."

आता ती बाई.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. हे सगळ्या खान्देशात आहे. आमच्या दोन गावांत त्याच्या पुढचं एक आहे. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई बोळवायला दोन्हीकडच्या बायका नाल्यावर जातात. त्या दिवसांत नाला कोरडा ठाक असतो. आमच्या बायका ह्या काठावर, त्यांच्या त्या काठावर, आणि मग शिव्या सुरू होतात. घरच्या पुरुषांनी ऐकल्या तर खाली मान घालून निघून जावं अशा शिव्या. आमच्या आयांच्या वेळी दगडही मारत, डोकी फुटायची. आमच्या वेळेपर्यंत मारणं बंद झालं होतं. दगड नुसता हातात धरायचा. जी हातात दगड घेऊन पुढे उभी राहिली, ती आता बोलणार, असं सगळ्यांना कळायचं.

ह्या झुंजीला नियम होते. शिवी आली की उलटवायचीच. जी गप्प बसली ती हरली, तिचं गाव हरलं. झुंज संपली की मनात काही ठेवायचं नाही. आणि समोरच्या काठावर जी आपली जोडीदारीण असेल तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. एकदा तिचं खाल्लंप्यालं की तिला शिवी देता येत नाही. तरीही शिवी देणाऱ्या बाईला कोणी चांगलं म्हणणार नाही.

पोरी लग्न होऊन जायच्या, वर्षाआड यायच्या, जोड्या मोडायच्या. आमची मोडली नाही. मला बापाने गावातच दिलं होतं आणि तिच्या नवऱ्याला तिच्या बापाने घरजावई आणलं होतं. दोघी जागच्या जागी. पोरी होतो तेव्हापासून केस पिकेपर्यंत दर आखाजीला ती त्या काठावर आणि मी ह्या काठावर.

"तुले बाहेर कोणी लिधी नही," ती ओरडायची, "म्हनीसन तुना बापनी गावमाच खपाडी!"

"अन् तुना नवरा शे का पाहुना शे?" मी म्हणायचे. "इतला वरीस झायात, अजून जेवाले बठताना सासराले इचारस!"

दोन्ही काठ हसायचे. तिच्या गावच्या बायका माझ्या शिवीला हसायच्या आणि आमच्या बायका तिच्या शिवीला. ती हसायची नाही. मीही नाही. पाचोऱ्याच्या बाजारात समोरून आली तर ती भाजीच्या पाटीत डोकं घालायची आणि मी दुसऱ्या गल्लीला वळायचे. हसू आलं असतं म्हणून. एवढ्या वर्षांत तिच्याशी मी एक शब्द सरळ बोलले नव्हते आणि तिच्याएवढं मला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं.

माझे मालक गेले त्या वर्षी मी नाल्यावर गेले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या बायकांबरोबर तिचा निरोप आला, "तिले सांगा, मनी जीभ गंजी ऱ्हायनी." बाकी कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. सगळे येऊन रडून जात होते. पुढच्या आखाजीला मी गेले आणि तिने मला अशी धुतली की मला घरी येऊन पोटभर जेवण गेलं.

खदानीचं शेठने मनावर घेतलं तेव्हा छोटी खदान मोठी करायची ठरली. त्यासाठी जनसुनावणी लागते. जिल्ह्याचे साहेब येतात, मांडव पडतो, ज्याला बाजूने बोलायचं तो बोलतो, ज्याची हरकत आहे तो हरकत सांगतो, आणि एक जण ते लिहून घेतो. आमच्या शाळेच्या मैदानात मांडव घातला. खुर्च्यांचे दोन भाग केले, मध्ये साहेबांना यायला वाट. आमचं गाव एका बाजूला बसलं, पलीकडचं दुसऱ्या बाजूला. कोणी सांगितलं नव्हतं, आपसूक तसे बसले.

मी आधी बोलले. केळीच्या पानांचं वगैरे सगळं बोलले. साहेबसुद्धा हसले. मी अजून माईकपाशीच होते, आणि समोरच्या अंगाला ती उभी राहिली. अंगावर बाजाराची साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि हातात दगड.

दोन्ही गावांना एकदम उकळी फुटली. मांडव म्हणजे नालाच झाला. तिच्याच गावच्या बायका शिट्या मारायला लागल्या. कोणीतरी ओरडलं, "आखाजी उनी वं, आखाजी उनी!"

ती साहेबांकडे बघून म्हणाली, "साहेब, मनी विहीर..."

मला खरंच आनंद झाला होता. शाळेचं मैदान, साहेब, माईक, आणि समोर ती. एवढी मोठी झुंज आमची कधी झाली नव्हती. मी माईकमध्ये म्हटलं, "साहेब, हाई रोज विहीरमा वाकीसन सोतानं तोंड देखस. पानी घाबरीसन पाताळमा गयं!"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. शेठ मांडीवर थापा मारत होता. पोलीसपाटील तोंडावर रुमाल धरून खाली वाकला होता. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागले. आता उत्तर येणार. मला मांडवासकट आडवी करणार. मला ते ऐकायचं होतं.

ती बोलली नाही. तिने साहेबांकडे बघितलं. साहेब डोळे पुसत होते, हसून हसून पाणी आलेलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या बाईला आपण कुठल्या गाडीत बसलो तेच कळेनासं व्हावं, तसं काहीतरी होतं. ती खाली बसली. साहेब म्हणाले, "पुढे कोण?" तिच्या मागून एका मास्तरने धुळीचं काहीतरी सांगितलं, ते लिहून घेतलं. तिच्या नावावर काही लिहिलं गेलं नाही. ती काही बोललीच नव्हती.

आमचं गाव म्हणालं, जिंकलो. मलाही तसंच वाटलं, पण मजा आली नाही.

मांडव सोडताना बघितलं तर दगड तिच्या खुर्चीखाली पडलेला. मांडववाल्याने तो उचलून सतरंजीच्या टोकावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. मी जवळ जाऊन बघितलं. आखाजीला धरतात तो नाल्यातला गोटा नव्हता. तीन बाजूंनी घडवलेला, एका बाजूला शेवाळ वाळून काळं पडलेलं. विहिरीच्या बांधकामाचा दगड होता. तिच्या बापाने आणि घरजावयाने मिळून ती विहीर बांधली होती, आमच्याच बरडीचा दगड नेऊन. सुरुंगाच्या हादऱ्याने दगड निसटायला लागले होते, आणि त्यातला एक ती साहेबांना दाखवायला घेऊन आली होती.

हे मला त्या वेळी, सतरंजीपाशी कळलं. मांडवात एकालाही कळलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तालुक्यात बाई हातात दगड घेऊन उभी राहिली असती तर लोकांनी विचारलं असतं, बाई, हा दगड कसला? आमच्याकडे ते विचारायची कोणाला गरज पडली नाही.

शेठने त्याच महिन्यात मला जळगावला नेलं. मेहरूण तलावाजवळ त्याच्या बंगल्यावर क्रशरवाल्यांची बैठक होती. मला साडी दिली, शाल दिली, नारळ दिला. एक जण म्हणाला, "अक्का, त्या बाईला तुम्ही एका वाक्यात बसवलं." सगळे हसले. मी विचारलं, "सुरुंग विहिरीपासून किती लांब लावायचा असतो?" शेठ म्हणाला, "नियमाप्रमाणे लावतो, अक्का. ती विहीर जुनी आहे." विहीर जुनी होती, हे खरं होतं. मी पुढे विचारलं नाही. शाल आता पिठाच्या डब्यावर असते.

पुढच्या पावसाळ्यात तिची विहीर एका बाजूने आत बसली. सुरुंगाने की पावसाने, हे सांगणारं कोणी नाही. विहिरीवर भिजणाऱ्या तिच्या तुकड्यात लिंबांची बाग होती, ती दोन उन्हाळ्यांत वाळली.

सुनावणीनंतरच्या पहिल्या आखाजीला ती नाल्यावर आली नाही. मी बराच वेळ उभी राहिले. दुसऱ्या बायका एकमेकींना शिव्या देत होत्या, पण ते सगळं पोरखेळ. मी त्यांच्याकडच्या एका पोरीजवळ निरोप दिला, "तिले इचार, जीभ गंजनी का?" उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाल्यावर डंपरची ये-जा सुरू झाली होती, बायका धुळीला कंटाळून लवकर घरी गेल्या. मग झुंज बंदच पडली. आता आखाजीला पोरी झोक्यावर बसून मोबाइलमध्ये फोटो काढतात.

मी बोलत राहिले. ह्या गावी, त्या गावी, एकदा देवपुरातल्या एका सभागृहातही. माझ्या बोलण्याने खदानी वाढल्या असं मी म्हणणार नाही, त्या वाढायच्याच होत्या. पण बायका माझ्यामुळे बैठकीला यायच्या, एवढं खरं. प्रत्येक ठिकाणी एक मात्र मी करायचे. कोणी हरकत घ्यायला उठलं की माईकपासून लांब जाऊन बसायचे. शेठ एकदा म्हणाला, "अक्का, तुमची धार गेली." मी म्हटलं, "धारेला समोर कोणीतरी लागतं."

ह्या वर्षी शेठने बरडीच्या नाल्याकडच्या अंगालाही खदान मागितली. म्हणजे पलीकडच्या गावाच्या अगदी तोंडावर. पुन्हा जनसुनावणी. पुन्हा मला सांगावा. मी म्हटलं, बोलते. आणि त्याच दिवशी ठरवलं की आधी नाला ओलांडायचा.

मला तिची माफी मागायची नव्हती. माफी मागणं मला येत नाही, आणि तिला ते आवडलंही नसतं. मला तिला सांगायचं होतं की ये. ह्या खेपेला तू आधी उभी राहा. विहिरीचं सांग. मला जे म्हणायचं ते माईकमधून म्हण, मी खाली मान घालून ऐकते, गावाला हसू दे. उत्तर तुझं राहिलंय ते दे, आणि साहेबांना विहीर लिहून घेऊ दे.

तिचं घर मी पहिल्यांदा पाहिलं. पुढे पत्र्याची नवी पडवी, पडवीत पाण्याचं निळं पिंप. ती दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, पदर सारखा केला.

"या, अक्का. बठा ना," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली, "खुर्ची आन वं. पाहुनी उनी."

सुनेने प्लास्टिकची खुर्ची फडक्याने पुसून दिली. मी बसले. तिने तब्येतीचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, नातवंडांचं विचारलं. आवाज गोड. मला हा आवाज माहीतच नव्हता.

मी म्हटलं, "सुनावणी शे. तू येस का नही?"

"येसू ना," ती म्हणाली. "बठ्ठा जाई ऱ्हायनात." सगळे जातायत म्हणून तीही येणार होती.

"मंग विहीरनं सांग साहेबले. मी मधमा बोलाव नही."

"आते काय सांगानं, अक्का." तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "तो तुकडा आम्ही देई टाका. शेठनाच माणूस उना व्हता. पोऱ्यानी डंपर लिधं. तुमना पोऱ्यानीच त्याले शिकाडं."

माझ्या थोरल्याने तिच्या पोराला डंपर शिकवला होता आणि मला घरात कोणी बोललं नव्हतं. त्यांना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नसेल. कामाचं काम होतं.

सुनेने चहा आणला. कपबशीत, बशीवर दोन बिस्किटं. तिने तो माझ्यापुढे स्टुलावर ठेवला. "लेवा, अक्का."

मी कपाला हात लावला नाही. मनात म्हटलं, अजून एकदा बघू. आणि जुनी, चांगली मुरलेली एक शिवी तिला दिली. तिच्या बापाची, नवऱ्याची आणि त्या निळ्या पिंपाची एकदम मोट बांधून. सून स्वयंपाकघराच्या दारात दचकून थांबली. मी थांबले. दे, आता तरी दे.

तिने हसून सुनेकडे बघितलं, म्हातारी माणसं असं बोलतात, अशा नजरेने. मग मला म्हणाली, "तव्हय मांडवमा तुम्ही भलतं चांगलं बोलन्यात, अक्का. बठ्ठासले पटनं. माले बी वाटनं, आपले असं बोलता येत नही."

मी त्यात टोमणा शोधला. उलटसुलट करून बघितला, तिच्या डोळ्यांत बघितलं. टोमणा नव्हता. तिला तसंच म्हणायचं होतं.

"च्या थंडा व्हयी ऱ्हायना," ती म्हणाली आणि कप माझ्याकडे सरकवला. वर साय धरली होती.

आमच्यातला नियम तिला माहीत होता. माझ्याएवढाच माहीत होता. ती शांतपणे शेंगा फोडायला लागली. न पिता उठणं म्हणजे तिच्या सुनेसमोर, तिच्या दारात, अपमान. प्यायचा म्हणजे आमचं संपलं. मी प्यायले. साखर बेतशीर होती. बिस्किटही खाल्लं.

सुनावणीला ती आली. पोराबरोबर, शेठच्या माणसांच्या मागच्या रांगेत बसली. ह्या खेपेला गावांच्या बाजू राहिल्या नव्हत्या, पलीकडची पोरं आमच्या पोरांत मिसळून बसली होती. साहेब नवे होते.

माझी पाळी आली. मी म्हटलं, बरडीचा दगड चांगला आहे, पोरांना काम आहे, द्या. आधी म्हणाले होते तेच. मग म्हटलं, "पण नाल्यापलीकडे विहिरी आहेत. सुरुंग लांब लावा. मागच्या सुनावणीत एक बाई विहिरीचा दगड घेऊन आली होती. आम्ही सगळे हसलो, त्यात तिचं बोलणं राहून गेलं. तिची विहीर पडली. ते आज लिहून घ्या."

शेठने मान वर करून माझ्याकडे बघितलं. साहेबांनी विचारलं, "विहीर कोणाची? त्या बाई आहेत का इथे?"

मी बोट दाखवलं. सगळ्यांनी माना वळवल्या. कोणी हसलं नाही. शिटी नाही, काही नाही. ती उठली. हात मोकळे.

"साहेब, विहीर जुनीच व्हती," ती म्हणाली. "पडनी. मनी काही तक्रार नही."

आणि बसली. साहेब मला म्हणाले, "बाई, त्यांचीच तक्रार नाही, तर मी काय लिहू? तुमची आहे का ती विहीर?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग बसा." मी बसले. सुरुंग लांब लावा एवढं माझ्या नावावर लिहून घेतलं, असं नंतर कोणीतरी सांगितलं. लिहिलं असेल.

सुनावणीच्या दिवशी खदान बंद ठेवतात, साहेबांना धूळ नको म्हणून. साहेबांची गाडी डांबरीला लागली आणि भोंगा झाला. भोंगा झाला की सुरुंग उडेपर्यंत माणसाने जिथे असेल तिथे थांबायचं. मी शेताकडे जायला नाल्याच्या काठाने निघाले होते, थांबले. समोर बघितलं तर पलीकडच्या काठावर ती. पोराने गाडीवरून आणून नाल्यापाशी सोडलं असावं. पायीच घराकडे निघाली होती, तीही थांबलेली. मध्ये नाला. आम्ही जिथे उभ्या राहायचो त्याच्यापासून फार लांब नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. वारा तिच्याकडून माझ्याकडे होता, शिवी दिली असती तर मला नीट ऐकू आली असती.

माझ्या तोंडात एक होती. घरजावयाची. सगळ्यात जुनी, पोरी होतो तेव्हाची. मी तोंड उघडलं, आणि मग मिटलं. मी तिचा चहा प्यायले होते.

सुरुंग उडाला. बरडीच्या माथ्यावरून धूळ उठली आणि नाल्यात उतरली. तिने पदर नाकाला लावला. धूळ खाली बसल्यावर तिने पदर झटकला, मला लांबूनच हात जोडले आणि घराकडे चालायला लागली.

मीही जोडले. दुसरं काय करणार.